रिकाम्या कचेऱ्या आणि भाड्याची खोली

(बी. ए. द्वितीय वर्ष)

अलीकडे वर्तमानपत्रांतून एक विषय अधूनमधून वाचायला मिळतो. अमेरिकेतील आणि युरोपातील मोठमोठ्या शहरांत कचेऱ्यांच्या इमारती रिकाम्या पडल्या आहेत. २०२० साली कोरोनाची साथ आली, लोक घरी बसून काम करू लागले, आणि साथ ओसरल्यावर त्यांतले कित्येक जण पुन्हा पूर्वीसारखे रोज कचेरीत आलेच नाहीत. वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती, पण टेबलाशी बसायला माणूस नाही. आणि त्याच शहरांत राहायला घर मिळत नाही म्हणून लोक हैराण! तेव्हा या कचेऱ्यांचीच घरे का करू नयेत, असा विचार तिकडे सुरू झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये तर हे पूर्वीही झाले होते. १९९५ साली तेथे करात सवलत देण्यात आली आणि पुढच्या काही वर्षांत शहराच्या दक्षिण टोकाला, जुन्या कचेऱ्यांच्या वस्तीत, सुमारे १३ हजार घरे उभी राहिली.

हे वाचून आपल्यापैकी कुणी म्हणेल, की न्यूयॉर्कच्या गोष्टी नागपूरच्या कॉलेजच्या वार्षिकांकात कशाला? आपल्याकडे कुठे तीस मजली कचेऱ्या ओस पडल्या आहेत? हा प्रश्न विचारणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, की त्यांनी एकदा सीताबर्डीवरून धरमपेठेपर्यंत किंवा वर्धा रोडने मान वर करून चालावे. आपण सगळे दुकानांकडे बघत चालतो, म्हणून वरचे मजले आपल्याला दिसत नाहीत. खाली मोबाईलचे दुकान, साड्यांचे दुकान, बँकेचे एटीएम. आणि वर धुळीने माखलेल्या काचा आणि 'ऑफिससाठी भाड्याने देणे आहे' अशी पाटी. माझ्या रोजच्या रस्त्यावर अशी एक पाटी आहे. मी या शहरात अकरावीला आले तेव्हापासून ती तिथेच आहे. तिच्यावरचा फोन नंबर आता उन्हाने वाचताही येत नाही.

परंतु मला ज्या रिकाम्या इमारतींविषयी लिहायचे आहे त्या या नव्हेत. खाजगी मालकाने आपला गाळा रिकामा ठेवला तर तो त्याचा व्यवहार, असे फार तर म्हणता येईल. मला लिहायचे आहे ते सरकारी इमारतींविषयी, आणि त्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

आपले नागपूर हे राजधानी गमावलेले शहर आहे. १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती झाली तेव्हापासून नागपूर ही राजधानी होती. विधानभवन, सचिवालय, हायकोर्ट, अधिकाऱ्यांचे बंगले, हा सारा सिव्हिल लाइन्सचा पसारा त्या राजधानीचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. राजधानी गेली, इमारती राहिल्या. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला होता, त्यानुसार विधिमंडळाचे दरवर्षी एक अधिवेशन नागपूरला व्हावे असे ठरले. ते हिवाळ्यात होते आणि आपण सगळे ते दरवर्षी पाहतो. रस्ते धुतले जातात, दुभाजकांना रंग लागतो, मोर्चे निघतात, गाड्यांचे ताफे धावतात. त्या दिवसांपुरते नागपूर पुन्हा राजधानी होते.

किती दिवसांपुरते? २०१९ साली १६ ते २१ डिसेंबर. २०२४ सालीही १६ ते २१ डिसेंबर. म्हणजे सहा दिवस! २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तर अधिवेशन येथे झालेच नाही, ते मुंबईत झाले. या दिवसांसाठी आमदार निवास आहे, मंत्र्यांसाठी रविभवन आणि नागभवन आहे, कर्मचाऱ्यांसाठी '१६० खोल्यांचे गाळे' आहेत (नावातच हिशेब आहे), पत्रकारांसाठी 'सुयोग' आहे, मुख्यमंत्र्यांच्या सचिवालयासाठी हैदराबाद हाऊस आहे. अधिवेशन आटोपले की ही सारी गजबज ओसरते. मधल्या महिन्यांत कुणी पाहुणा उतरतो, कुठे एखादे प्रशिक्षण शिबिर होते, हे मला मान्य आहे. पण ज्या गर्दीसाठी हे सारे बांधले ती गर्दी वर्षाच्या ३६५ दिवसांत पंधरा दिवसही नसते.

गेल्या वर्षी माझे बाबा काही कामासाठी नागपूरला आले होते. ते गवंडी आहेत, उमरेडकडच्या आमच्या गावाहून नागपूरला कामाला येत असत. या शहरातल्या चार-पाच कॉम्प्लेक्सच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत. आम्ही दोघे सिव्हिल लाइन्समधून पायी जात होतो. ओळीने बंद असलेल्या खिडक्यांकडे बघून त्यांनी मला विचारले, "एवढ्या मोठ्या जागेत कोन राह्यते व माय?" मी म्हटले, "डिसेंबरात राहतात, बाबा." ते काही बोलले नाहीत. थोडे पुढे गेल्यावर म्हणाले, "अन् तुमी तिघी एका खोलीत."

आम्ही तिघी एका खोलीत राहतो ही गोष्ट खरी आहे. खोली दहा बाय अकरा फुटांची आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०० चौरस फूट हवी. तेव्हा आमची खोली नियमात बसते. फक्त नियम तीन खाटांचा विचार करून केलेला नाही. भाडे दरडोई २२०० रुपये, वीज वेगळी, रात्री आठनंतर फाटक बंद, आणि उन्हाळ्यात कूलर लावला तर दरमहा वेगळे पैसे. यात घरमालकीणकाकूंचा दोष आहे असे मी म्हणत नाही, त्यांचेही घर त्या भाड्यावर चालते. पण प्रथम वर्षाला आमच्यासोबत असलेली गडचिरोलीकडची एक मैत्रीण यंदा वर्गात नाही. ती नापास झाली नव्हती, तिला आमच्यापेक्षा जास्त गुण होते. ज्या घरी ती राहत होती तेथे भाडे पाचशे रुपयांनी वाढले आणि घरून ते होऊ शकले नाही. एका मुलीचे शिक्षण पाचशे रुपयांवर अडते हे आपल्या प्राध्यापकांना कदाचित अतिशयोक्तीचे वाटेल. माझ्या वर्गातल्या, खोली करून राहणाऱ्या मुलामुलींना वाटणार नाही.

शासनाला हे कळत नाही असेही नाही. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्यात नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवले गेले: भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. चांगली योजना आहे, तिच्यामुळे अनेकांचे शिक्षण टिकले. परंतु निवासाच्या २० हजारांना बारांनी भागून पाहा. महिन्याला १६६६ रुपये येतात. या पैशात नागपुरात खोली नव्हे, खाट मिळते. २०२४ साली शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, तेही योग्यच झाले. पण फी माफ झालेली मुलगी रात्री झोपणार कुठे? आणि आमची शासकीय वसतिगृहे कुठे आहेत, तर त्यांतली कित्येक खाजगी मालकांच्या इमारतींत, भाड्याने! म्हणजे सरकार एका हाताने इमारतींना भाडे देते आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या इमारतींना कुलूप लावते. आमच्या गावी असा संसार कुणी केला तर लोक त्याला शहाणा म्हणणार नाहीत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कचेरीचे घर करणे वाटते तितके सोपे नाही. मी हा लेख लिहायला घेतला तेव्हा बाबांना फोन करून विचारले, कारण या विषयावर आमच्या घरात तरी त्यांच्याएवढा अधिकार कुणाचा नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. कचेरीत प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एकच संडास-बाथरूम असते, सगळे पाइप त्या एका जागेतून खाली उतरतात. आता त्याच मजल्यावर आठ घरे करायची म्हटली तर आठ नहाण्या, आठ संडास आणि आठ मोऱ्या लागतील, आणि प्रत्येकीचे सांडपाणी उतार देऊन त्या मुख्य पाइपापर्यंत न्यावे लागेल. त्यासाठी स्लॅब फोडा किंवा फरशी वर उचला. फरशी उचलली की छत डोक्याशी येते. स्लॅब फोडताना बीमला धक्का लागला तर सगळीच पंचाईत. दुसरा प्रश्न उजेडाचा. कचेरीचा मजला पसरट असतो, दिवसाही दिवे लावून माणसे मध्यभागी बसतात. घराच्या खोलीला खिडकी लागते. मजल्याच्या पोटात जी जागा उरते तिचे करायचे काय?

तिसरा प्रश्न बाबांनी नाही, मीच काढला. नागपूरचा उन्हाळा! २०१३ सालच्या मे महिन्यात या शहराचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. नव्या कचेऱ्यांना न उघडणाऱ्या काचा असतात, त्या एअर कंडिशनरच्या भरवशावर बांधलेल्या असतात. आपण गरीब माणसे कूलरवाली. कूलरला बाहेरची मोकळी हवा लागते आणि आतली हवा बाहेर जायला वाटही लागते. काचेच्या बंद पेटीत कूलर लावला तर माणूस भाजत नाही, उकडून निघतो. शिवाय वीज व्यापारी दराने आली तर बिल भरता भरता जीव जायचा. वर्धा रोडच्या काचेच्या इमारतींची घरे करा असे मी म्हणत नाही त्याचे हेच कारण आहे.

आणि घाईने केले तर काय होते ते इंग्लंडने करून दाखवले आहे. २०१३ साली तेथील सरकारने कचेऱ्यांची घरे करायला नेहमीच्या नियोजन-परवानगीची अट काढून टाकली. घरे तर हजारोंनी झाली. पण पुढे सरकारनेच नेमलेल्या संशोधकांनी २०२० साली पाहणी केली तेव्हा, परवानगीशिवाय झालेल्या या घरांपैकी शेकडा २२ घरेच जागेच्या राष्ट्रीय मापात बसत होती. लंडनजवळच्या हार्लो गावात टर्मिनस हाऊस नावाची १४ मजली कचेरी होती, तिचे २०१८ साली दोनशेहून अधिक गाळे झाले. काही गाळे जेमतेम १८ चौरस मीटरचे, आणि त्यांत लंडनहून पाठवलेली बेघर कुटुंबे, लेकराबाळांसकट. अखेर २०२० साली 'प्रत्येक राहत्या खोलीला नैसर्गिक उजेड असलाच पाहिजे' असा नियम करावा लागला. खोलीला खिडकी असावी हे सांगायला कायदा लागला! आमच्या गावच्या कुडाच्या घरालाही झरोका असतो.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे, की कचेऱ्यांचे फ्लॅट करण्याच्या मागे आपण लागू नये. वसतिगृहे करावीत. जी अडचण फ्लॅटला आहे ती वसतिगृहाला नाही. वसतिगृहात प्रत्येक खोलीला नहाणी लागत नाही. मजल्यावर जी एक जागा पाइपांची आहे तीच थोडी वाढवून सामाईक नहाण्या आणि संडास करता येतात. खिडकीच्या बाजूने राहण्याच्या खोल्या, आणि मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात अभ्यासिका, कपाटे, जेवणाची जागा. हे बाबांना फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हे जमते." माझ्या लेखी हा अभियंत्याचा दाखलाच आहे. आगीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. दुसरा जिना आणि अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र असल्याशिवाय एकही खाट आत जाऊ नये.

आणि सरकारच्या अधिवेशनाच्या इमारतींना तर एवढेही करावे लागणार नाही. त्या मुळात राहण्यासाठीच बांधल्या आहेत. कुणी म्हणेल की हे शासकीय दृष्ट्या अशक्य आहे, नियमांत बसत नाही, फायली हलायला वर्षे लागतात. अशक्य? २०२० सालच्या मार्च महिन्यात याच आमदार निवासाचे विलगीकरण केंद्र झाले. संशयित रुग्ण तेथे ठेवले गेले, त्यांना जेवण दिले गेले, डॉक्टर आणि परिचारिका तेथे राबल्या. त्या वेळी इमारतीचा उपयोग बदलायला वर्षे लागली नाहीत. संकट आहे असे सर्वांनी मान्य केले होते म्हणून ते झाले. जून-जुलै महिन्यांत बसस्थानकावर ट्रंक घेऊन उतरणाऱ्या मुलामुलींचे काय, हे संकट आहे असे अजून कुणी मान्य केलेले नाही, एवढाच फरक आहे.

केंद्र सरकारने २०२० साली शहरांतील परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची एक योजना काढली. सरकारी पैशाने बांधलेली पण रिकामी पडलेली घरे भाड्याने द्यावीत हा तिचा एक भाग होता, आणि लाभार्थ्यांच्या यादीत मजुरांबरोबर विद्यार्थ्यांचेही नाव आहे. चंदीगडमध्ये अशी दोन हजारांहून अधिक घरे भाड्याने दिली गेली. म्हणजे कल्पना नवी नाही आणि सरकारला अपरिचितही नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशाच्या शहरांत १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. २०१२ साली सरकारी तज्ज्ञगटाने शहरांतील घरांची तूट १ कोटी ८८ लाख सांगितली, आणि त्या तुटीतली शेकडा ९५ गरीब व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची होती. या दोन आकड्यांना शेजारी-शेजारी बसवले तर अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याची जी रेघ आम्ही काढतो तिच्याविषयी शंका येऊ लागते. सरांची क्षमा मागून हे लिहीत आहे.

एक धोका मात्र मला इंग्लंडच्या उदाहरणापेक्षाही मोठा वाटतो आणि तो आपल्या घरचा आहे. कामाच्या जागेचे घर झाले की ते कुणाचे घर होते? १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी या शहरात एम्प्रेस मिल सुरू केली. शतकाहून अधिक काळ नागपूरची हजारो घरे तिच्या भोंग्यावर उठली. १९८६ साली ती सरकारकडे आली आणि २००२ साली बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आणि उंच सदनिका आहेत. मिलमध्ये ज्यांच्या आजोबांनी साचे चालवले ते नातू आज त्या मॉलच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभे असतील तर मला नवल वाटणार नाही. मुंबईत हेच अधिक मोठ्या प्रमाणात झाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेला, सार्वजनिक घरांना आणि मालकाला असे ठरले होते. २००१ साली नियम बदलून ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला, आणि वाट्याला फारच थोडी जमीन आली. कामगारांचे वारस अजून घरांच्या सोडतीची वाट पाहत आहेत.

न्यूयॉर्कमध्ये ज्या घरांचे मी सुरुवातीला कौतुक केले तीही काही गरिबांना मिळाली नाहीत, हे येथेच सांगून टाकते. म्हणून नागपूरच्या रिकाम्या इमारतींचे काही करायचे असेल तर आधी भाडे ठरले पाहिजे, भिंती मागून हलवाव्यात. निवासभत्ता जर महिन्याला १६६६ रुपये असेल तर खाटेचे भाडे त्याच्या आत असावे. निम्म्या जागा मुलींना असाव्यात. आणि खाजगी बिल्डराच्या हाती ही सरकारी जमीन 'विकासासाठी' जाता कामा नये. तो शब्द ऐकला की एम्प्रेस मिलची चिमणी आठवावी.

माझ्या एका वर्गमित्राने हा लेख वाचून विचारले, "मग डिसेंबरात आमदार कुठे राहतील? तुम्हाला परीक्षेच्या दिवसांत बाहेर काढतील." प्रश्न बरोबर आहे. हिवाळी परीक्षा आणि हिवाळी अधिवेशन यांची गाठ पडू शकते, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी गादी गुंडाळायला लावणारे वसतिगृह नसलेलेच बरे. म्हणून सुरुवात आमदार निवासापासून करू नये. कर्मचाऱ्यांच्या गाळ्यांतला एक भाग आणि ज्यांत आता पूर्वीइतके कर्मचारी राहिले नाहीत अशा जुन्या सरकारी कचेऱ्यांचे मजले आधी घ्यावेत. त्या जुन्या इमारती इंग्रजांच्या काळच्या किंवा त्यांच्या धाटणीच्या आहेत, जाड भिंती, उंच छत, दोन्हीकडे व्हरांडा, उघडणाऱ्या खिडक्या. नागपूरच्या उन्हात त्यांच्यासारखी राहण्याजोगी जागा नाही. सहा दिवसांसाठी जे कर्मचारी मुंबईहून येतील त्यांची सोय हॉटेलांत किंवा धर्मशाळांत करावी. त्यांचे सहा दिवसांचे बिल आमच्या वर्षभराच्या भाड्याहून कमीच भरेल. सुरक्षेचा प्रश्न येईल म्हणतात. आमच्याजवळ ओळखपत्रे आहेत, तपासावीत.

हे सारे पूर्ण होईल तेव्हा होईल. आपल्या विद्यार्थी संसदेने एवढे तरी करावे, की बाहेरगावचे किती विद्यार्थी खोली करून राहतात, किती भाडे देतात आणि प्रथम वर्षानंतर किती जण नाहीसे झाले, याची एक नोंदवही ठेवावी. प्राध्यापकांनी हजेरी घेताना तीन दिवस 'गैरहजर' लागलेल्या नावाची एकदा चौकशी करावी. ती नोंदवही घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला मी तयार आहे, आणखी चार जण मिळाले तर बरे.

माझी धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. तिला नागपूरला आणायचे की उमरेडलाच शिकवायचे, हे घरी जूनपर्यंत ठरायचे आहे. आमच्या खोलीत चौथी खाट बसत नाही. मी टेप लावून मोजले आहे. दार उघडायला नऊ इंच कमी पडतात.